अक्का, मी दाराबाहेरच उभा होतो

अक्का, तुला जाऊन आज बावीस दिवस झाले आणि मी रोज दुपारी चार वाजता थर्मामीटर जिभेखाली धरून बसतो. क्षयाचा ताप सकाळी दिसत नाही, तिसऱ्या प्रहरी हळूच चढतो, हे तूच सांगितलं होतंस. काल पारा नव्याण्णवाच्या किंचित खाली थांबला. मी तो खिडकीशी नेऊन चारदा पाहिला, झटकला, पुन्हा लावला. आज सकाळी खोकला आला तेव्हा रुमाल उलगडून पाहिला. पांढरं होतं. दम्याचाच खोकला असावा. पण दम्याचा कुठला आणि दुसरा कुठला, हे तू पलीकडच्या खोलीतून नुसतं ऐकून सांगायचीस. आता कोणाला विचारू?

लोक भेटायला येतात. ‘मास्तर, नर्सबाई फार मोठ्या मनाच्या होत्या,’ म्हणतात. मी मान हलवतो, आणि त्यांच्यात कोण खोकतंय, कोण नाक पुसून तोच हात जाजमावर टेकवतंय, तिकडे माझं लक्ष असतं. तुला हे सांगताना लाज वाटत नाही. माझं बहुतेक सगळं तुला ठाऊकच होतं. जे ठाऊक नव्हतं तेवढंच आज सांगायचं आहे.

मी असा का झालो, याचं उत्तर मी नेहमी एकच देत आलो. आई मानमोडीच्या तापात गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि तू अठराची. तुझं कुंकू पुसून तीन वर्षं झाली होती आणि तू माहेरी परत आली होतीस. वडील रेल्वेत तारमास्तर, त्यांची ड्यूटी घाटाखाली. गाड्यांतून ताप येत होता, ताप जात होता, आणि लोणावळ्यात रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी रडणं चालू होतं. आई माजघरात पडली होती. तू मला बाहेरच्या ओट्यावर बसवलंस आणि म्हणालीस, इथून हलायचं नाही, तुझी छाती नाजूक आहे. दुसऱ्या दिवशी आईनं मला हाक मारली. मी उठलो. तू माझं मनगट धरलंस. इतकं घट्ट की तुझी नखं रुतली. आईनं आणखी दोनदा हाक मारली आणि मग मारली नाही.

त्या दिवसापासून मला कळलं की आपल्या माणसाच्या श्वासातून मरण येतं. एरवी माणसाला दर श्वास आपण घेतोय याची जाणीव नसते. दम्याच्या माणसाला असते. त्यामुळे त्या श्वासाबरोबर आत काय काय जात असेल, हेही मला रोज मोजावंसं वाटू लागलं.

पुढे तू पुण्याला राहून नर्सिंग शिकलीस, इथल्या दवाखान्यात लागलीस, आणि मी शाळेत मास्तर झालो. आपल्या दोघांचं घर लोकांना विचित्र वाटायचं. बहीण दिवसभर रोग्यांत, आणि भाऊ रोगाच्या नावानं दचकणारा. तू दवाखान्यातून पुढच्या दारानं कधी आली नाहीस. मागच्या बोळातून यायचीस, न्हाणीत लुगडं बदलायचीस, मी काढून ठेवलेल्या फिनेलच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायचीस, आणि मग दारातून विचारायचीस, आता शिवू का रे घराला? आईचं सोवळं परवडलं, याचं सोवळं त्याहून कडक, असं तू शेजारणींना सांगायचीस. त्या हसायच्या. मीही हसायचो, पण पाण्यात फिनेल पुरेसं पांढरं झालं होतं का, ते आधी बघून घ्यायचो.

शाळेत मुलं थुंकी लावून पाटी पुसायची. मी प्रत्येकाला ओलं फडकं आणायला लावलं आणि जो थुंकेल त्याला वर्गाबाहेर उभा केला. बाजारात मुंबईहून हवापालटाला आलेले लोक फिरायचे. त्यांच्यातला कोणी खोकला की मी रस्ता ओलांडायचो. एकदा तू मला तळेगावला मुलगी दाखवायला नेलंस. मुलगी चांगली होती. पण तिचा थोरला भाऊ पडद्याआड खोकत होता. मी चहाला हात न लावता उठलो. परतीच्या गाडीत मला वाटलं तू आता बोलशील. तू खिडकीकडे तोंड करून हसत होतीस. कामशेत येईपर्यंत हसलीस आणि मग डोळे पुसून म्हणालीस, बिचारा पडशानं खोकत होता रे.

तुझी माझ्यावर माया होती हे मला कधी शोधावं लागलं नाही. पावसाळ्यात लोणावळ्याचं धुकं घरात शिरायचं, भिंतींना बुरशी धरायची, आणि माझी छाती भात्यासारखी वाजू लागायची. तू उठून मला पुढे वाकवून बसवायचीस, पाठीला हात लावून स्वतः सावकाश श्वास घ्यायचीस, म्हणजे मी त्या लयीत यावं. नाहीच जमलं तर ॲड्रिनलिनची सुई. सुई टोचून झाली की तुझी बोटं माझ्या नाडीवर. मला वाटायचं, ही आहे तोवर मी मरणार नाही. ही जे घरात घेऊन येईल त्यानंच मी मरेन, असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं, अक्का.

आपलं खरं भांडण चिमीवरून झालं.

सगुणा आपल्याकडे दूध घालायची. वळवणच्या वाटेवर तिची झोपडी, नवरा घाटात खडी फोडायला. तिची चार वर्षांची चिमी. श्रावणात तिला घटसर्प झाला. डॉक्टरांनी टोचायचं औषध पुण्याहून मागवलं होतं, पण झोपडीत घोटाभर पाणी शिरलं होतं आणि पोरीला कोरडी जागा हवी होती. दवाखान्यात तेव्हा अशा रोग्याला वेगळी खोली नव्हती. तू घरी आलीस, न्हाणीतूनच मला हाक मारलीस आणि म्हणालीस, तिला आपल्या मागच्या खोलीत आणतेय.

मी म्हणालो, अक्का, मला दमा आहे. घशात पडदा धरणारा रोग आहे तो. मला झाला तर मी एक दिवस काढणार नाही.

तू म्हणालीस, ठाऊक आहे. म्हणून तू आजच कामशेतला जा.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. “आईच्या वेळी माझं मनगट धरून ठेवलंस. तेव्हा माझी छाती नाजूक होती. आता दगडाची झाली का?”

तू हात पुसत होतीस, ती थांबलीस. म्हणालीस, “तेव्हा मी अठरा वर्षांची होते, दत्तू. जे सुचलं ते केलं. बरोबर केलं की चूक, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.”

मला उत्तर हवं होतं. पण टांगा दाराशी आला होता, आणि मी ट्रंक उचलली.

कामशेतला एका ओळखीच्या मास्तरांनी बाजारात खोली दिली. मागेच भाताची गिरणी होती, हे मी आधी विचारलं नाही. दिवसभर कोंडा उडायचा. तिसऱ्या दिवशी मला असा दम लागला की बसून राहणंही होईना. सुई नाही, तू नाही. मास्तरांच्या पत्नी घाबरून गेल्या. त्यांनी काढा दिला, छाती शेकली, आणि म्हणाल्या, लोणावळ्याला तार करून बहिणीला बोलावून घेऊ, दोन तासांत येतील. माझे ओठ निळे पडले होते, पण मी मानेनं नको म्हणालो. पुन्हा विचारलं तेव्हाही नको म्हणालो. ऐकतेस ना? श्वास घेता येत नव्हता, तुझे हात मला वाचवणार हे माहीत होतं, आणि तरी मला एवढंच दिसत होतं की ते हात चिमीच्या घशाला लागून आले असतील. मी गुदमरणं पत्करलं, तुला बोलावणं नाही. संध्याकाळी दम आपोआप बसला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. कामशेतला प्रकृती बरी होती, असंच सांगितलं.

तू रोज एक कार्ड पाठवायचीस. ते मी हातात घ्यायचो नाही. चिमट्यानं धरून शेगडीवर फिरवायचो, दोन्ही बाजूंनी, आणि मग खिडकीशी ठेवून वाचायचो. औषध टोचलं. आज थोडं दूध गेलं. आज जात नाही. नवव्या दिवशीचं कार्ड मी निखाऱ्यावर जरा जास्त वेळ धरलं. खालचा कोपरा करपला. वर लिहिलं होतं, ‘चिमी आज सकाळी गेली. तू’, आणि पुढचं जळलं होतं.

मी धरून चाललो की पुढे ‘येऊ नकोस’ असणार. ते धरणं मला सोयीचं होतं. मी आणखी वीस दिवस तिथेच राहिलो. ‘तू ये’ असंही असू शकेल, हे तेव्हा मनात आलं नव्हतं असं म्हणालो तर खोटं होईल. तुला विचारायला मला पुढे चार वर्षं मिळाली. विचारलं नाही.

परत आलो तेव्हा तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस. वाळली होतीस. मी ट्रंक खाली ठेवायच्या आधी विचारलं, मागची खोली फिनेलनं धुतलीस ना? तू मान वर न करता म्हणालीस, धुतली, दोनदा. मी चिमीबद्दल एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी तू माझ्या आवडीची आमटी केलीस. मी जेवलो. तू मला त्याबद्दल नंतरही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, अक्का.

मग लढाई आली. देहूरोडकडे लष्कराची गोदामं उठली, गाड्या भरून माणसं जाऊ-येऊ लागली, आणि तुझ्या दवाखान्यातली गर्दी दुप्पट झाली. तू बारीक होत गेलीस. मी माझ्या श्वासाकडे लक्ष देण्यात इतका गुंतलेला की तुझा खोकला मला उशिरा ऐकू आला. माघात तू पुण्याला जाऊन छातीचा फोटो काढून आलीस. त्या दिवशी मागच्या बोळातून आलीस ती घरात शिरलीच नाहीस. सरळ मागच्या खोलीत गेलीस, खाट ओढून घेतलीस, दाराला एक जुनं लुगडं बांधलंस आणि उंबऱ्यावर स्टूल ठेवलंस. मी आलो तेव्हा लुगड्यामागून तुझा आवाज आला.

“दत्तू, तिथेच थांब. आता दारातूनच बोलायचं. ताट स्टुलावर ठेवत जा.”

मी काय झालं म्हणून विचारलं. तू सांगितलंस, क्षय. आणि अक्का, सगळ्यात आधी मला काय वाटलं ते ऐक. दुःख नंतर झालं. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आत येऊ की नको हे मला ठरवावं लागणार नव्हतं. तूच ठरवून टाकलं होतंस, माझ्या वतीनं, नेहमीसारखं. मी दारात उभा राहून रडलो ते खरं होतं, पण माझे पाय जागचे हलले नाहीत हेही खरं होतं. बहुधा तू ते पाहिलंस. पाहिलं असशीलच.

पाच महिने मी दारातून बोललो. तुला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, शाळेतल्या गोष्टी सांगितल्या. वारा आतून बाहेर येत असला की मी दाराच्या एका बाजूला सरकायचो. तुझं सगळं सगुणा करत होती. तुझं कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती येऊन म्हणाली, अक्कांचं मी बगीन, आणि लुगडं बाजूला सारून आत गेली. तुझी थुंकीची भांडी उकळायची, अंग पुसायची, केस विंचरायची. एकदा ती विहिरीवर हात धूत असताना मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत का?

ती हात धूतच राहिली. म्हणाली, “वाटती की, मास्तर. लय वाटती. घरला जाताना रोज देवाला हात जोडते. पर माजी पोर गेली तवा अक्कांच्या मांडीवर व्हती, भुईवर न्हवती. त्येवढंच ऱ्हायलंय माज्याकडं.”

मला वाटत आलं होतं की तुम्ही लोक न भिणारे आणि मी भिणारा, असा हा भेद आहे. तसं नव्हतं. सगुणाला माझ्याइतकीच भीती वाटत होती. ती भीती घेऊनच ती आत जात होती.

आषाढात सगुणा भात लावायला गावी गेली. दोन दिवसांत येते म्हणाली, आणि ओढ्याला पूर आला. मी ताट स्टुलावर ठेवत होतो, तू कशीबशी उठून घेत होतीस. तिसऱ्या दिवशी सकाळी ताट तसंच राहिलं. मग आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, फुलपात्र असावं, आणि तू पाणी म्हणालीस. मला नाही, कोणालाच नाही, नुसतं पाणी.

मी लुगड्यापाशी उभा राहिलो. हात पुढे केला आणि मागे घेतला. माझी छाती वाजू लागली. सगुणा येईल, शेजारच्यांना हाक मारू, डॉक्टरांकडे माणूस पाठवू, सगळं मनात आलं. तू पुन्हा म्हणालीस, पाणी. भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिलं तर मी तिथे दहा मिनिटं उभा होतो. तुला पाणी हवं होतं आणि मी तुझ्यापासून चार पावलांवर दहा मिनिटं उभा होतो. हे तुला ठाऊक नसलं तर असावं, म्हणून लिहितोय.

मग मी आत आलो. कसा आलो ते आठवत नाही. तू डोळे उघडलेस आणि आधी रागावलीस.

“तोंड बांध. उपरणं घे आणि तोंड बांध आधी.”

मी बांधलं. तुझ्या मानेखाली हात घातला. पाच महिन्यांत तू किती हलकी झाली होतीस ते मला बाहेरून कळलं नव्हतं. मी चमच्यानं पाणी दिलं. निम्मं तुझ्या गळ्यावर सांडलं. मी खाटेच्या कडेला बसलो, आणि उपरण्यातून श्वास घेता येईना तेव्हा तू, उठायची शक्ती नसलेली तू, माझ्या पाठीला हात लावलास आणि हळूहळू श्वास घेऊ लागलीस. तुझ्या छातीत घरघर होती. माझ्याही. आपण दोघं तसे किती वेळ बसलो कोण जाणे.

मग तू म्हणालीस, “आईला तू दिसत होतास.”

मला कळलं नाही.

“मी तुला ओट्यावर मुद्दाम त्या कोपऱ्यात बसवलं होतं. तिच्या पाठीशी उश्या लावल्या होत्या. तिथून तिला तू सरळ दिसायचास. शेवटपर्यंत बघत होती. हाका थांबल्या तेव्हा ती गेली नव्हती रे. बघत होती.”

इतकी वर्षं का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. तू म्हणालीस, तुला आत येऊ दिलं नाही ते नाहीच दिलं. त्यावर हे सांगून काय पांघरूण घालायचं. आणि डोळे मिटलेस.

यानंतर तू दोन दिवस होतीस. मी त्या दोन दिवसांत शूर झालो असं सगुणानं सगळ्यांना सांगितलंय. ते खरं नाही. मी आत यायचो आणि बाहेर जाऊन कातडं सोलवटेपर्यंत हात धुवायचो. तू झोपलीस की श्वास रोखून बसायचो. शेवटी तू गेलीस तेव्हा सगुणा परत आली होती, ती उशाशी होती आणि मी पायथ्याशी, तुझे पाय धरून. त्या क्षणीसुद्धा, तुझा शेवटचा श्वास खोलीत सुटला तेव्हा, मी माझा धरून ठेवला होता. का धरला, हे मला सांगता येत नाही. सवयीनं, असं म्हणतो.

दहाव्या दिवशी मी सगुणाला चिमीचं विचारलं. चार वर्षं उशिरा. ती म्हणाली, “घसा धरला व्हता, कायबी बोलली न्हाई. अक्का तिला मांडीवर घेऊन वव्या म्हनत व्हत्या. गळा न्हाई त्यांना गान्याचा. तरी म्हनत व्हत्या.” ती हसली आणि पदर तोंडाला लावला. तुला ओव्या येत होत्या हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी म्युनिसिपालिटीत अर्ज दिला, खोलीत गंधक जाळून भिंतींना चुना द्यावा म्हणून. लढाईमुळे गंधक मिळेना. आज सकाळी त्यांचा माणूस सांगून गेला, उद्या येतो. गाद्या, उश्या, लुगडी सगळी जाळणार. गंधकाचा धूर माझ्या छातीला सोसायचा नाही, म्हणून मला दोन दिवस दुसरीकडे राहायचं आहे. ट्रंक भरून ओट्यावर ठेवली आहे.

दुपारपासून मी तुझ्या खाटेवर बसून हे लिहितोय. अंथरूण अजून तसंच आहे, तुझ्या डोक्याचा खळगा उशीत आहे. मी त्याला हात लावलेला नाही, पण जवळ बसलोय. दार उघडं आहे आणि प्रत्येक श्वासाला वाटतं की उठावं, बंबावर जावं, हात धुवावेत. बाहेर धुकं उतरायला लागलंय. उद्या या खोलीत तुझं काहीच उरणार नाही, आणि ती मीच साफ करवून घेतोय. मला फार भीती वाटतेय, अक्का. एवढं पान संपलं की उठेन, असं मघापासून तीन पानं म्हणतोय.